इंजिनाला दोष देण्याआधी टाकी उघडा

पत्र: सर, मी परभणी जिल्ह्यात सेलूजवळच्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना त्याचं रेडिओवर चालणारं ट्रेनर विमान माझ्या गळ्यात मारून गेला. उडवायला त्यानेच शिकवलं होतं. पंख दीड मीटरचा, इंजिन ४६ साइझचं ग्लो. डिसेंबरात त्याने ते शेवटचं उडवलं तेव्हा उभ्या तुरीत उतरलं, पण मोडलं काहीच नाही. एप्रिलपासून मी आणि नववीची काही मुलं गावाबाहेरच्या पडीक माळावर जातो. इंजिन जमिनीवर छान चालतं. विमान वर चढायला लागलं की काही सेकंदांत बंद. कधी कधी तर ग्लोची क्लिप (प्लगची तार तापवायला बॅटरी जोडणारी) काढली की तिथेच बंद. नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) रोज वेगळ्या जागी लावावी लागते. इंधनाचा कॅन मागच्या पावसाळ्याआधीचा आहे, निम्मा उरलाय, शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलाय. भाऊ फोनवर सांगतो, कार्ब्युरेटर गेलं. मुलं म्हणतात, मॅडम, बॅटरीवर करून टाका. आई म्हणते भंगारात दे. काय करू?

उत्तर:

ताई, कार्ब्युरेटर गेलेलं नाही. निदान तुमच्या पत्रात तसं म्हणायला काही आधार नाही. ‘तुरीत उतरलं, पण मोडलं काहीच नाही’ आणि ‘वर चढायला लागलं की बंद’ ही तुमची दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा. मोडलंय काहीतरी, ते टाकीच्या आत आहे म्हणून दिसत नाही.

टाकीत सिलिकॉनची एक मऊ नळी असते आणि तिच्या टोकाला पितळेचं छोटंसं वजन. त्याला क्लंक म्हणतात. विमान जिकडे कलेल तिकडे इंधन जातं आणि त्याच्या मागोमाग क्लंकही जातो. नाक वर केलं की इंधन मागच्या भिंतीकडे, क्लंकही मागच्या भिंतीकडे. आता तुरीत काय झालं असेल बघा. विमान जागच्या जागी थांबलं, क्लंक थांबला नाही. तो मुसंडी मारून पुढे आला, नळी दुमडली आणि टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात अडकून बसला. विमान सपाट उभं असेल आणि टाकी भरलेली असेल तर क्लंक कुठेही असो, बुडालेलाच असतो; इंजिन खणखणीत चालतं. नाक वर झालं की इंधन मागे आणि क्लंक पुढे कोरडा. नळीत उरलेलं इंधन दोन-चार सेकंद पुरतं आणि खेळ संपतो. विहिरीचं पाणी खाली गेल्यावर फूटव्हॉल्व्ह उघडा पडून मोटार हवा धरते, तोच प्रकार.

टाकी बाहेर काढा. पंख उतरवला की भोवतीचा स्पंज दिसेल. इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्या सोडवून टाकी मागे ओढली की निघते. कोणती नळी कुठे होती, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग टाकी नाक वर करून कानाशी धरा आणि हलवा. मागच्या बाजूने टकटक आवाज आला पाहिजे. नाही आला तर आपलं निदान बरोबर. आला, तरीही बूच उघडाच. पितळी नळीच्या तोंडावर जिथे सिलिकॉनची नळी चढवलेली असते, तो भाग बोटांत धरून हलकेच वाकवा. तिथे पितळेच्या कडेने केसाएवढी चीर पडलेली असते आणि नळी सरळ असताना ती अजिबात दिसत नाही. वाकवली की ओठ उघडावा तशी उघडते. इंधनाची पातळी या चिरेच्या खाली गेली की इंजिन इंधनासोबत हवाही ओढायला लागतं. नीडल रोज सरकते, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

नळी जुनी असेल तर चीर असो वा नसो, बदलाच. नवीन नळीची लांबी अशी ठेवा की क्लंक मागच्या भिंतीच्या पाच-सहा मिलिमीटर अलीकडे थांबेल आणि टाकी उलटी केली तरी मोकळा फिरेल. भिंतीला टेकला तर तिथे चिकटून तोंड बंद करतो. बूच बसवल्यावर बाकीच्या नळ्या बोटाने बंद करा, एकीतून फुंका आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे दिसले तर बूच पुन्हा बसवायचं. टाकी परत ठेवताना तिचा मध्य नीडलच्या पातळीत किंवा सेंटिमीटरभर खाली येऊ द्या, आणि चहूबाजूंनी स्पंज भरा. टाकी लाकडाला थेट टेकली तर इंजिनाच्या थरथरीने इंधनाला फेस येतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच.

एक गोष्ट भावाला आजच विचारा: तुरीतून विमान उचलल्यावर इंजिन धुतलं होतं का? आपली काळी माती कार्ब्युरेटरच्या तोंडात गेलेली असताना पंखा नुसता हाताने फिरवला तरी ती सिलिंडरमध्ये ओढली जाते आणि पिस्टनवर ओरखडे पाडते. त्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर कार्ब्युरेटर उतरवून घ्या, इंधनात बुडवलेल्या मऊ ब्रशने धुवा आणि नीडल पूर्ण बाहेर काढून तिच्या भोकातून फुंका. उतरवलंच आहे तर त्याच्या मानेखालची रबरी रिंग आणि नीडलवरची बारकी रिंग बघून घ्या. कडक झाली असेल किंवा तुटली असेल तर तिथूनही हवा शिरते. या रिंगा काही रुपयांच्या असतात, आणि त्यांच्या नादात लोक अख्खं कार्ब्युरेटर बदलतात.

आता क्लिप काढल्यावर बंद पडण्याचं. हा वेगळा आजार आहे, टाकी नीट केल्याने जाणार नाही.

ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. सुरुवातीला दीड व्होल्ट देऊन ती तापवायची. एकदा इंजिन चालू झालं की सिलिंडरमधली उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मिथेनॉलची (तुमच्या इंधनातलं मुख्य द्रव्य) रासायनिक क्रिया मिळून तार लालच राहते आणि क्लिप काढली तरी चालतं. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डन यांनी हा प्लग बाजारात आणला आणि त्यानंतर छोट्या इंजिनांवरचं स्पार्कचं जडशीळ सामान गेलं. नववीच्या वर्गात उत्प्रेरक शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. एक जुना प्लग वर्गात ठेवाच.

क्लिप काढताच इंजिन मरतं, म्हणजे तार लाल राहत नाही. माझा पहिला संशय तुमच्या कॅनवर. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. निम्मा रिकामा कॅन, त्यात निम्मी हवा, आणि वरून एक अख्खा पावसाळा. इंधन बघून काही कळत नाही, रंग तोच, वास तोच. ताज्या इंधनावर चालवून बघणं हाच उपाय. दुसरा संशय प्लगवर. बाहेर काढून क्लिप लावली की तार लाल होते म्हणून प्लग चांगला, असं समजू नका. दाबाखाली तो दगा देऊ शकतो. तार चकचकीत आणि गोल वेटोळ्यात हवी. पांढरट, खडबडीत झाली असेल किंवा वेटोळं एका बाजूला ओढलं गेलं असेल तर सरळ बदला. बदलायला ही सोपी वस्तू आहे, म्हणून नीडलला हात लावण्याआधी प्लग.

तिसरा मुद्दा आपल्या हवेचा. भावाने नीडल डिसेंबरात लावली होती. परभणीची डिसेंबरची सकाळ दहा अंशांची आणि मे महिन्याची दुपार बेचाळीसची. तेवढ्या फरकाने हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ होते. इंजिनात हवा कमी जाते, इंधन मात्र तेवढंच, म्हणजे मिश्रण रिच होतं. रिच मिश्रणाने प्लग गार पडतो. तेव्हा उन्हाळ्यात नीडल थोडी आत घ्यावी लागणं साहजिकच आहे. पण पुढच्या थंडीत मात्र लक्षात ठेवून ती बाहेर सोडा. मेमधली खूण डिसेंबरात तशीच वापरली तर इंजिन लीन चालेल, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. रिच इंजिन फार तर बंद पडतं. लीन इंजिनाला इंधनातच मिसळलेलं तेल कमी पडून ते भाजून निघतं.

हे सगळं झालं की नीडल नव्याने लावायची, जुनी खूण विसरून. नीडल पूर्ण बंद करून कंपनीच्या कागदावर असतील तेवढे फेरे उघडा. बहुतेक ४६ ना दोन-अडीच फेरे लागतात. इंजिन चालू करून फुल थ्रॉटल द्या. रिच असेल तर आवाज घोगरा, अडखळता येतो आणि धूर भरपूर. नीडल एकेक खटका आत घेत जा, प्रत्येक खटक्यानंतर थोडं थांबा. एका जागी आवाज एकदम बदलतो, घोगरेपणा जाऊन एकसुरी तीव्र होतो. आणखी थोडं आत घेतलं की वेग वाढायचा थांबतो. तिथून दोन-तीन खटके परत बाहेर. सगळ्यात जास्त वेगावर सोडायचं नाही, हवेत गेल्यावर पंख्यावरचा भार कमी होऊन इंजिन आणखी वेग घेतं आणि लीन होतं. उडताना मागे पांढऱ्या धुराची रेघ दिसली पाहिजे. शेवटी मोठ्या माणसाला विमान घट्ट धरायला सांगून फुल थ्रॉटलवर नाक सरळ आभाळाकडे करा आणि दहा सेकंद धरा. आवाज टिकला किंवा किंचित चढला तर उडवा. खाली आला तर उडवू नका, क्लंककडे परत जा.

या कामात मुलं कुठे उभी असतात, हे तुम्ही लिहिलं नाही. ११ इंची पंखा मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जातो. मुलं विमानाच्या मागे, तीन-चार मीटरवर. पंख्याच्या रेषेत बाजूला कोणी नाही, पुढे कोणी नाही. पंख्याला बोटाने झटका द्यायचा नाही, रबर चढवलेली काठी किंवा स्टार्टर वापरा. क्लिप काढणं, नीडल फिरवणं, सगळं पंख्याच्या मागून. ओढणी, गळ्यातली दोरी, ओळखपत्र आधी काढून ठेवा.

आता बॅटरीचं. तुमचं इंजिन वाईट आहे म्हणून बॅटरीकडे जाऊ नका, कारण ते वाईट नाही. थोडक्या पैशांत बरं होणाऱ्या इंजिनावर चिडून काही हजारांचं सामान मागवणारे लोक मी बरेच बघितलेत, आणि नंतर त्यांची बॅटरीवाली विमानंही कपाटावर पडलेली बघितलीत. तरीही शाळेपुरता मी मुलांच्या बाजूने आहे, पण कारण दुसरं आहे: तो कॅन. मिथेनॉल विष आहे. पोटात थोडं गेलं तरी डोळे जाऊ शकतात, जीवही जातो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. असा कॅन प्रयोगशाळेच्या कपाटात, नववीच्या मुलांच्या हाताच्या अंतरावर, ही गोष्ट मला पसंत नाही. शनिवारी तुम्ही स्वतः माळावर जाऊन उडवता तो तुमचा छंद, त्यासाठी ग्लो इंजिन जरूर ठेवा. शाळेचं विमान वेगळं असू द्या.

हेच विमान बॅटरीवर करता येईल का? येईल. हिशेब सोपा आहे. शिकाऊ विमानाला किलोमागे दीडशे ते दोनशे वॅट लागतात. तुमचं विमान अडीच किलोच्या आतबाहेर असेल, म्हणजे ५०० वॅट धरा. चार सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचे १४.८ व्होल्ट, त्यावर ३५ अँपिअर घेतले की झाले. ७००-८०० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) मोटर, १२ बाय ६ इंची पंखा, ६० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, ४००० एमएएचची बॅटरी. जमिनीवर वॉटमीटर लावून प्रत्यक्ष किती अँपिअर जातात ते मोजल्याशिवाय मात्र उडवायचं नाही. बॅटरीतला पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा, म्हणून टायमर सात मिनिटांवर.

पण करू नका, असंच सांगेन. एवढी वर्षं इंधनातलं एरंडेल प्यालेलं नाकाचं लाकूड मोटरच्या माउंटचा डिंक धरत नाही. बॅटरी घालायला वरून झाकण कापावं लागेल, वारा आत घ्यायला पुढे भोक आणि बाहेर सोडायला मागे त्याहून मोठं भोक पाडावं लागेल. एवढी चिरफाड करून हाती येतं काय, तर अडीच किलोचं विमान, जे नववीच्या मुलाच्या हातात द्यायला तुमचाच जीव होणार नाही.

शाळेसाठी नवीन बांधा, मुलांकडूनच. जाड फोमशीट किंवा फलकांना वापरतात ती प्लास्टिकची नालीदार शीट, पंख मीटर-सव्वा मीटर, सगळं मिळून ९०० ग्रॅमच्या आसपास. २२१२ नावाने मिळणारी १००० केव्हीची मोटर, १० इंची पंखा, ३० अँपिअरचा कंट्रोलर, तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी. रोबोटिक्सचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत हे सगळं मिळतं, कारण ड्रोन बनवणारी मुलं तेच घेतात. पडलं तर संध्याकाळी टेप लावून पुन्हा उभं राहतं. वॉटमीटर वर्गात ठेवून व्होल्ट गुणिले अँपिअर मुलांना स्वतः वाचू द्या.

आणखी एक गणित त्यांना घाला. ३०० मिलिलिटरच्या टाकीतल्या मिथेनॉलमध्ये हजार वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. चार सेलच्या ४००० एमएएचच्या बॅटरीत ५९ वॅट-तास. तरी मोठं विमान दोन्हींवर जवळपास सारखंच उडतं, सात ते दहा मिनिटं. उरलेली ऊर्जा कुठे जाते, हे इंजिन बंद केल्यावर त्याच्या सिलिंडरहेडजवळ, न टेकवता, हात नेला की कळतं.

लिपोचे लाड मात्र करावे लागतात, आणि आपल्याकडे जास्तच. मे महिन्यात स्कूटीच्या बंद डिकीत ठेवू नका. उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत गार होऊ द्या. चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा हवा. २२०० ला २.२ अँपिअर, म्हणजे तासाभरात भरते. लाइटचा भरवसा नाही म्हणून रात्री लावून झोपायचं, हे अजिबात नको. घमेल्यात वाळू घालून त्यावर बॅटरी ठेवा आणि समोर बसून चार्ज करा. सुट्टी लागली की प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, पूर्ण भरून नाही आणि रिकामी तर नाहीच. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, कितीही नवी असली तरी.

आणि मोटर गरीब वाटते म्हणून मुलं तिच्याशी सलगी करतात. इंजिनाच्या पंख्यात बोट गेलं तर इंजिन निदान बंद पडायची शक्यता असते. मोटरला अडवलं तर ती जास्त करंट ओढून आणखी जोर लावते. बॅटरी जोडली की विमान चालू आहे असंच धरायचं. घरात, वर्गात काहीही तपासताना पंखा काढलेला असला पाहिजे. माळावर आधी रिमोट चालू, मग बॅटरी. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद.

परवानगीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुख्याध्यापक विचारतील. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षणासाठी आणि छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची वेगळी नोंद आहे. ग्रीन झोनमध्ये (सरकारी नकाशावरचा हिरवा भाग) १२० मीटर उंचीपर्यंत आधी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत मात्र लागते. नांदेड आणि संभाजीनगर दोन्ही विमानतळ सेलूपासून लांब आहेत. तरी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून तुमचा माळ हिरव्यात आहे ना, ते बघा आणि त्याचा छापील कागद शाळेच्या फाइलला लावा.

जुन्या कॅनमधलं इंधन आता उडवायला नको, सुटे भाग धुवायला ठीक आहे. कॅनवर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा, शाळेतून घरी न्या आणि कुलुपात ठेवा. विहिरीजवळ, नाल्यात किंवा शेतात ओतू नका. भागही उघड्यावर धुवा, जवळ शेगडी किंवा विडी-सिगारेट नसावी. धुऊन झाले की लगेच दोन थेंब तेल सोडून पंखा हाताने पाच-दहा वेळा फिरवा. दर शनिवारी उडवून झाल्यावरही हेच करा: नळी काढून टाकीबाहेरचं इंधन संपेपर्यंत इंजिन चालवायचं, मग तेल. नाहीतर पावसाळ्यात बेअरिंगला गंज चढेल, आणि मग मात्र भावाला म्हणता येईल की इंजिन गेलं.